मुलांच्या खाण्याची पाहणी करताय? या चुका टाळा

पहिली ते चौथीच्या वर्गात "रोज भाजी कोण कोण खातं?" असं विचारलं, की झाडून सगळे हात वर जातात. बाईंना कोणतं उत्तर हवंय ते मुलांना पक्कं ठाऊक असतं. ताटात काय होतं ते त्यातून कळत नाही.

"रोज", "आठवड्यातून किती वेळा" हे शब्द या वयाला पेलत नाहीत. कालचा दिवस धरा आणि एकेकाला बाजूला बसवून विचारा, "काल शाळा सुटली, घरी जाऊन दप्तर ठेवलंस, मग काय केलंस?" मग चहा-चपाती निघते, रंकाळा तलावावरची भेळ निघते, कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाच रुपयांचं पुडकं निघतं. मुलांच्या लेखी खाणं म्हणजे जेवण. मधलं काही ती मोजतच नाहीत. पहिली-दुसरीतल्या मुलांना कालचंही नीट आठवत नाही. त्यांच्या घरी जेवायला कोण वाढतं ते शोधून त्यांना विचारा. बऱ्याचदा ती आजी असते.

"दूध पितो" असं ऐकलं तर थांबा. पेलाभर म्हशीचं दूध, की दुधाचा चहा? दोन्हींत फार फरक आहे, शिवाय जेवणासोबतच्या चहाने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

पहिल्या वर्षी मी सोमवारी नोंदी घेतल्या आणि निम्मा वर्ग मटण खाणारा निघाला. कोल्हापुरातला रविवार म्हणजे मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा, हे लक्षात घ्यायला हवं होतं. श्रावण, नवरात्र, जोतिबाची यात्रा हे दिवस वगळा. नोंदी घ्या त्या शाळेच्या दोन दिवसांच्या आणि एका रविवारच्या, तेही लागोपाठचे नकोत. एका दिवसाच्या नोंदीवरून वर्गाचा अंदाज येतो, एका मुलाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

"एक वाटी आमटी" लिहिण्याआधी त्या घरच्या वाटीत किती पाणी मावतं ते मोजा. भाकरीसाठी मी कागदाचे गोल कापून नेते. मूल चतकोर की अर्धी ते बोटाने दाखवतं.

शाळेतला पोषण आहार पाचवीपर्यंत 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं या हिशेबाने शिजतो. हे आकडे तसेच मुलाच्या नावावर उतरवू नका. कडेला काढून ठेवलेली मटकी बघा, प्रथिनं तिथेच राहिलेली असतात.

वजन-उंची घेतलीत तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 18.5 च्या खाली म्हणजे वजन कमी, हा मोठ्यांचा हिशेब मुलांना लावू नका. वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे तक्ते असतात.

आणि एखादं मूल "काल रात्री काही नाही" म्हणालं, तर रकाना कोरा सोडून पुढे जाऊ नका. सगळ्यांसमोर पुन्हा विचारूही नका. त्याच दिवशी वर्गशिक्षकांना सांगा, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या.