किरणोपचाराचे दिवस कसे सांभाळावेत

घशाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार, म्हणजे बोलण्यातली 'लाईट', सुरू होतात तेव्हा साधारणपणे रोज 2 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), आठवड्याचे पाच दिवस, अशी सात आठवड्यांत 70 ग्रेची मात्रा दिली जाते. या 35 फेऱ्यांपैकी चार-दोन चुकल्या तर त्या शेवटी जोडून घेता येतील, असे बहुतेक घरांत गृहीत धरले जाते. ही समजूत का चुकीची आहे हे आधी नीट कळले, तर पुढची सगळी व्यवस्था लावण्याची निकड आपोआप पटते.

किरण पेशीतील डीएनए तोडतात. एकच पदर तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर सांधणे अवघड होते, आणि तरीही काही पेशींना ते काही तासांत साधते. निरोगी पेशी हे काम गाठीतील पेशींपेक्षा बहुधा अधिक चांगले करतात, म्हणूनच मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी दिली जाते. गाठीतील ज्या पेशी त्या क्षणी आपल्या डीएनएची प्रत काढण्याच्या अखेरच्या टप्प्यात असतात त्या विशेष चिवट ठरतात; दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काही नाजूक टप्प्यात आलेल्या असतात आणि तेव्हा सापडतात.

याहून मोठी अडचण प्राणवायूची असते. 1955 साली थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप तपासले, तेव्हा रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतक्या अंतरापलीकडे गाठीचा गाभा मेलेला दिसला. त्या गाभ्याच्या कडेला, जेमतेम प्राणवायूवर तग धरून असलेल्या पेशी मारण्यासाठी अडीच ते तीनपट मात्रा लागते, कारण किरणांनी केलेली मोडतोड कायमची करण्याचे काम प्राणवायू करतो. बाहेरच्या पेशी मरत गेल्या की आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचतो आणि त्याही किरणांच्या माऱ्यात सापडतात. रोजच्या फेऱ्यांचा हाही एक उपयोग आहे. (ज्या ग्रेंच्या नावाने मात्रा मोजली जाते, ते हेच.)

आता चुकलेल्या दिवसाचा हिशेब. 1988 साली विदर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की डोके-मानेच्या गाठींत (घसा आणि तोंड त्यांतच येतात) उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात, आणि त्यानंतरच्या प्रत्येक जादा दिवसाची भरपाई करण्यासाठी सुमारे 0.6 ग्रे वाढीव मात्रा लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही आतून द्यायच्या किरणांसह सगळा उपचार आठ आठवड्यांत संपवण्याचा आग्रह असतो. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात एखाद्या दिवसाचा फरक इतका जाचत नाही.

म्हणून पहिली फेरी होण्यापूर्वीच भिंतीवरच्या कालदर्शिकेवर सातही आठवडे आखावेत. गोव्यात सर्वांत धोक्याचा चौकोन चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, असतो: माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायला गावच्या घरी गेलेला माणूस दीड दिवसाच्या गणपतीला पुढचे दोन दिवस आणि शनिवार-रविवार जोडून पाच दिवसांनी परततो. चवथ मध्ये येत असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यातून रोज ये-जा करायची असल्यास, निदान चौथ्या आठवड्यापासून तरी केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे राहण्याची सोय आधीच करून ठेवावी. मुंबईला किंवा बेळगावला उपचार असतील तर ती लागतेच.

तोंड सोलवटणे तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि 'चार दिवस विश्रांती घेऊ' हा विचार नेमका तेव्हाच येतो. ती विश्रांती गाठीच्याही पथ्यावर पडते. वेदनाशामक औषध जेवणाच्या अर्ध्या तासापूर्वी कसे घ्यावे, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. सोलकढी आणि तिखट हुमण (माशांची आमटी) काही काळ बाजूला ठेवावे. उकड्या तांदळाची पेज गिळायला सोपी असली तरी नुसत्या पेजेवर वजन टिकत नाही. तिच्यात अंडे, मऊ शिजवलेली मुगाची डाळ किंवा काटे काढून कुस्करलेला मासा मिसळावा. वजन घटले की मास्कही सैल होतो: फेरीच्या वेळी डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा माझ्या मामांचा जाळीदार मास्क पहिल्या आठवड्यात इतका घट्ट बसे की गालावर जाळीची नक्षी अर्धा तास राहायची. पाचव्या आठवड्यात त्याच्यात आणि गालात माझे बोट सहज जात होते. मास्क असा सैल झाला की नेम ढळू शकतो, मग नवा मास्क आणि नवे नियोजन करण्यात दिवस जातात. म्हणून दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे.

विडी-सिगारेट पूर्ण बंद करावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. हिमोग्लोबिन उतरले तर उपाय डॉक्टरांनाच ठरवू द्यावा. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी डोके-मानेच्या रुग्णांत उलट अपाय झाल्याचे 2003 सालच्या एका चाचणीत दिसले होते. अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

एवढे करूनही फेरी चुकलीच, मग कारण ताप असो वा बंद पडलेले यंत्र, तर त्याच दिवशी केंद्राला विचारावे: "ही फेरी याच आठवड्यात कशी भरून काढता येईल?" शनिवारी फेरी देणे, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन फेऱ्या देणे, हे रूढ मार्ग आहेत. सहा तासांचे ते अंतर निरोगी पेशींना डागडुजीसाठी हवे असते, त्यामुळे त्या दिवशी सकाळी पहिली वेळ मागून घ्यावी आणि दुपारी थांबण्याच्या तयारीने डबा सोबत न्यावा.