जुन्या रायफलची सेफ्टी बिघडली? पार्ट कुठून आणि कसा मिळवायचा (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

मुरबाड-शहापूरकडे, इकडे पनवेल-उरणपर्यंत, बऱ्याच घरांत वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या काळातली पॉइंट ३१५ ची रायफल अजून आहे, पीक राखायला नाहीतर स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेली, आणि आता कुटुंब ठाण्याला किंवा वाशी-नेरूळला राहायला आलं म्हणून ती कपाटात पडून असते. मग कधीतरी साफ करायला काढली की कळतं सेफ्टी (चुकून चाप ओढला गेला तरी गोळी सुटू नये म्हणून असलेली खटकी) लागतच नाही, किंवा लागते पण बोटाने हलवली तरी सुटते. अशा वेळी लोक आधी पार्ट शोधायला लागतात. थांबा. पार्ट सगळ्यात शेवटी येतो.

आजपासून ती रायफल सेफ्टी नसलेली रायफल समजायची. मॅगझिन काढा, बोल्ट (हँडलने मागेपुढे होणारा दांडा) मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा, मग बोल्ट बाहेर काढून वेगळा ठेवा आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. दुरुस्त होईपर्यंत ती लोड करायची नाही, शेतावर रानडुक्कर आलं तरी नाही.

आता कागद. लायसन्स चालू आहे का, कोणाच्या नावावर आहे? वडील वारले आणि रायफल अजून त्यांच्याच लायसन्सवर घरात असेल तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवा, आधी ती पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करा आणि वारस म्हणून स्वतःच्या लायसन्ससाठी अर्ज करा. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, बदलापूर या पट्ट्याला ठाणे पोलीस आयुक्तालय, वाशी-बेलापूर-पनवेलला नवी मुंबई आयुक्तालय, आणि मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागाला जिल्हाधिकारी कार्यालय. लायसन्सवर यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा युनिक ओळख क्रमांक, आहे का तेही बघून घ्या, डीलर हात लावायच्या आधी तेच विचारतो.

मग रायफल नक्की कोणती ते ओळखा. ३१५ बहुतेक इशापूरच्या रायफल फॅक्टरीची असते, आणि तिची ॲक्शन (बोल्ट आणि गोळी झाडणारी यंत्रणा) म्हणजे जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलचीच, त्यामुळे सेफ्टीची दांडी मागच्या बाजूला डावीकडे असते, मागे ओढली की सेफ, पुढे ढकलली की फायर. मॉझर (जर्मन बनावटीची ॲक्शन) असेल तर गोष्टच वेगळी, तिथे बोल्टच्या शेपटाला पंखासारखी दांडी असते आणि तिच्या तीन जागा असतात. बॉडीवरचे शिक्के, वर्ष, बोल्टवरचा नंबर, सगळं स्वच्छ उजेडात बघून कागदावर उतरवून घ्या. बोल्टचा नंबर आणि बॉडीचा नंबर जुळतो का हे तर नक्की बघा, कारण कधीकाळी कोणीतरी दुसऱ्याच रायफलचा बोल्ट घातलेला असतो आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालेलं असतं.

ली-एनफिल्डच्या सेफ्टीत नेमकं काय असतं ते कळलं की दुकानात तुम्हाला कोणी गुंडाळू शकत नाही. दांडी असलेला लॉकिंग बोल्ट, त्याच्यावर आट्यांनी बसलेला कॅच, आणि हे दोन्ही दाबून धरणारी पट्टीची स्प्रिंग, बाजूच्या एका स्क्रूने कसलेली. सेफ्टी लावली की लॉकिंग बोल्टचं टोक कॉकिंग पीसच्या (बोल्टच्या मागचा, चाप ओढला की पुढे झेपावणारा तुकडा) खाचेत शिरतं आणि शिवाय कॅच मुख्य बोल्टलाही फिरू देत नाही. स्प्रिंग मेली तर दांडी लुळी पडते. टोक झिजलं, म्हणजे काठ गोल होऊन चकचकीत दिसतात, तर दांडी मागे जाते पण चाप ओढला की कॉकिंग पीस तरीही सटकतो. आणि ते आटे मल्टी-स्टार्ट, म्हणजे एकापेक्षा जास्त ठिकाणांहून सुरू होणारे असतात, त्यामुळे कोणी खोलून परत लावताना चुकीच्या आट्यावर बसवलं तर एकही पार्ट खराब नसताना सेफ्टी बंद पडते, म्हणून घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका. खूपदा तर खराब काहीच नसतं, आपल्याकडचा चार महिन्यांचा पावसाळा, वर्षानुवर्षं सुकलेलं तेल आणि थोडा गंज, एवढंच असतं आणि नीट सफाईने काम होतं.

आता वागळे इस्टेट आणि रबाळे एमआयडीसीबद्दल. आपल्याकडे हाताचे इतके कसबी लेथवाले आहेत की हा एवढासा पार्ट ते तासाभरात वळून देतील, आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी हा सल्ला देतोच. अजिबात करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे पार्टही शस्त्रातच मोजतात, आणि लायसन्सशिवाय बनवणं, विकणं, दुरुस्त करणं हा गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला किमान ७ वर्षांची शिक्षा. त्या बिचाऱ्या लेथवाल्यालाही तुम्ही अडकवाल. बाहेरच्या देशातल्या साइटवरून मागवणंही तसंच, आयातीला परवाना लागतो, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि चौकशी तुमच्या दारात येते.

सरळ रस्ता एकच, विक्रीबरोबर दुरुस्तीचंही लायसन्स असलेला डीलर. जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: दुरुस्तीचं लायसन्स आहे का, ली-एनफिल्ड ॲक्शनवर काम केलेला कारागीर आहे का, आणि पार्ट फॅक्टरीचा नवा देणार की जुन्या रायफलचा काढलेला. माझं मत विचाराल तर थोडं थांबावं लागलं तरी फॅक्टरीचाच घ्या. इशापूर आता कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीखाली येतं, २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झाल्यापासून, तेव्हा डीलरला तिथे चौकशी करायला लावा. काढलेला पार्ट घ्यायचाच असेल तर कारागिराने तो तुमच्याच रायफलवर बसवून दाखवला पाहिजे, नुसतं "सेम आहे" चालणार नाही, कारण ली-एनफिल्डच्या नंबर १ आणि नंबर ४ मॉडेलचे पार्ट सरसकट एकमेकांत बसत नाहीत. आणि कोणी म्हणालं "अख्खा बोल्टच बदलून टाकू", तर नाही म्हणा, बोल्ट बदलला की हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतुसासाठी असलेली नेमकी जागा) बदलते आणि ती तपासल्याशिवाय फायर करणं जिवावर बेतू शकतं. सिअर, म्हणजे चाप ओढेपर्यंत कॉकिंग पीसला अडवून धरणारा पार्ट, "जरा घासून देतो" यालाही नाहीच.

रायफल नेताना रिकामी, बोल्ट काढलेला, कव्हरमध्ये, सोबत ओरिजिनल लायसन्स. वडिलांच्या नावावर असेल आणि ते येऊ शकत नसतील तर त्यांच्या सहीचं पत्र घेऊनच जा, दुरुस्तीसाठी असं लेखी अधिकाराने नेता येतं, कायद्यात तशी सोय आहे, पण पत्र नसेल तर मुलगा असलात तरी अडचण. काम राज्याबाहेर पाठवायचं म्हणाले तर लायसन्सवरची एरिया व्हॅलिडिटी, म्हणजे ते कुठल्या भागात चालतं ते, बघा, ती फक्त महाराष्ट्राची असेल तर आधी लायसन्स शाखेत विचारा. डीलरच्या रजिस्टरला नोंद आणि हातात रायफलच्या नंबरासकट पावती, याशिवाय रायफल सोडून यायचं नाही.

परत घेताना काउंटरवरच, रिकाम्या रायफलवर, कारागिराकडून करून घ्या: कॉक करा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा आणि सोडा, मग सेफ्टी काढा. काढताना कॉकिंग पीस पुढे पडला तर काम झालेलं नाही. सेफ्टी लावलेली असताना बोल्टचं हँडल वर उचललं जाता कामा नये. हे पुन्हा पुन्हा करून बघा, घाई करू नका, आणि काढलेला जुना पार्ट दाखवायला सांगा. शेतावर जाऊन हवेत ट्रायल मात्र घेऊ नका.

आणि दुरुस्ती अर्धवट असताना निवडणूक लागली आणि शस्त्र जमा करायची नोटीस आली, तर पोलीस स्टेशनच्या पावतीवर "सेफ्टी नादुरुस्त" असं लिहून घ्या, म्हणजे तिथे हाताळणाऱ्यालाही ते कळेल.