अनोळखी माणसाचा फोटो आणि त्याची गोष्ट: गोव्यात कशी मिळवावी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोठा कॅमेरा गळ्यात घालून शिरलात की बाजार तुम्हाला पर्यटक ठरवून मोकळा होतो. मिरचीवाली भाव चढवून सांगते, नाहीतर तोंड फिरवते. मीही सुरुवातीला असाच हिंडलो. वर्षभरात चेहरे ढीगभर जमले, गोष्ट एकही नाही. म्हणून पहिली पायरी: कॅमेरा पिशवीत, आणि पिशवी भाजीची.

आधी जागा, मग माणूस

जिथे माणसाला थांबावंच लागतं, तिथे जा. जुने गोवे ते दिवाडी किंवा रायबंदर ते चोडण ही फेरीबोट त्यासाठी उत्तम. साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे चार खेपा सहज मारता येतात. एका खेपेत गोष्ट होत नाही, ओळख होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा जेटीवर जाळी सांधत बसलेल्याला बोलायला सवड असते. जुन्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, संध्याकाळी बसलेली आजी तर वाटच पाहत असते कुणाची तरी. पण दुपारी एक ते साडेतीन कुणाच्या दारात उभे राहू नका. ती झोपेची वेळ, आणि गोव्यात ती मोडणाऱ्याला माफी नाही.

पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीत मात्र मी जात नाही. तिथले रहिवासी दारासमोरच्या फोटोशूटना कंटाळले आहेत आणि तसे फलक त्यांनी लावले आहेत. फलक वाचता येतो, एवढं पुरे.

तुमचीच मुलाखत आधी होणार

गोव्यात पहिला प्रश्न तुम्ही विचारत नाही, तुम्हाला विचारला जातो: "तूं कोणालो?" म्हणजे कुठल्या घरातला. याचं उत्तर तयार ठेवा आणि खरं ठेवा. गाव सांगा, आजोळ सांगा, मुंबईचे असाल तर तेही सांगा. 'मी एका प्रोजेक्टवर काम करतोय' हे वाक्य गिळून टाका. प्रोजेक्ट म्हटलं की लोकांना वाटतं, जमीन जाणार. 'वाटेत भेटलेल्या माणसांचे फोटो काढतो आणि त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवतो' एवढं साधं सांगावं. तुम्ही मराठीत बोला, समोरचा कोकणीत उत्तर देईल. दोघांचं नीट चालतं. किनाऱ्यावरचे फेरीवाले आणि कामगार मात्र बहुतेक बाहेरचे, त्यांच्याशी हिंदीत सुरुवात करावी.

प्रश्न लहान विचारा

इथेच बहुतेकांचं बिघडतं. 'तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग कोणता?' असं रस्त्यात कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? माणूस एकतर लाजतो, नाहीतर टीव्हीवर ऐकलेलं काहीतरी बोलतो. त्यापेक्षा समोर दिसतंय त्याबद्दल विचारा.

म्हापशाला एक फुलवाली अबोलीची फाती, म्हणजे केसांत माळायची फुलांची माळ, गुंफत बसली होती. मी एक फाती घेतली आणि विचारलं, "मावशी, एका फातीला कळ्या किती लागतात?" "मेजना रे," ती म्हणाली, "हाताचें माप." कोपरापासून बोटांपर्यंत तिने धागा धरून दाखवला. मग जरा थांबून म्हणाली, आईचा हात लांब होता, तिच्या फात्या लांब व्हायच्या, गिऱ्हाईक अजून म्हणतं, तुझी आई जास्त द्यायची. मग आई आली, आईचं दुखणं आलं, शाळा सुटली ते वर्ष आलं. मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

हात कामात असले की माणूस बोलतो, कारण त्याला तुमच्याकडे बघावं लागत नाही. आणि तो थांबला की तुम्हीही थांबा. मनात दहा आकडे मोजा. खरी गोष्ट बहुधा सातव्या-आठव्या आकड्याला येते.

आता फोटो

"फोटो काडूं?" हे विचारूनच. "आयज नाका" म्हणाली तर हसून निघा, पुढच्या शुक्रवारी परत या. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांसमोर विचारूनच. तावेर्नात प्यायला बसलेल्यांचा तर कुणी हो म्हटलं तरी नको. उद्या तो शुद्धीत असेल.

मोबाइल पुरतो. फक्त तो तोंडाजवळ नेऊ नका, नाक फुगलेलं येतं. दोन पावलं मागे सरकून दुप्पट झूम करा. कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची लेन्स बरी. बाजारातला खरा शत्रू म्हणजे निळी ताडपत्री: तिच्याखाली प्रत्येक चेहरा आजारी दिसतो. माणसाला ताडपत्रीच्या कडेला, बाहेरचा उजेड चेहऱ्यावर येईल असं बसायला सांगा. डोळ्यांवर फोकस धरा. पहिले तीन फोटो ताठ येणारच, ते काढून टाका. चौथ्याच्या आधी परत त्या फातीबद्दल विचारा. आणि एक फोटो नुसत्या हातांचा घ्या.

लिहून काढणं

आवाज टिपायचा तर तेही विचारून, आणि फोन शर्टच्या खिशात ठेवून नव्हे. एका फेरीवाल्याची अर्ध्या तासाची कहाणी माझ्याकडे आहे, तिच्यात फक्त खिशाच्या कापडाची खरखर ऐकू येते. आता मी बाजूला होऊन लगेच वहीत पाच-सहा वाक्यं उतरवतो, त्याच्याच शब्दांत. 'फाती'ची 'वेणी' करू नये.

प्रसिद्ध करायचं असेल तर लिहिलेलं वाचून दाखवा आणि वेगळी परवानगी घ्या. फोटोला हो म्हणजे इंटरनेटला हो नव्हे. नाव गाळलं तरी गोव्यात चेहऱ्यावरून वाडा, म्हणजे गावातली वस्ती, ओळखतात, म्हणून सासर, भाऊबंदकी, आजारपण यातलं काय ठेवायचं ते तिलाच विचारा. फुलवालीने शाळेचं ठेवायला सांगितलं, दुखण्याचं काढायला लावलं. काढलं.

परत जा

फोटो लॅबमधून पोस्टकार्ड आकारात छापून न्या. बाजार शुक्रवारचा, जागा ठरलेली, त्यामुळे माणूस सापडतोच. मी हातांचा आणि चेहऱ्याचा असे दोन्ही दिले. चेहऱ्याचा तिने नीट पाहिलाही नाही, हातांचा पैशाच्या डब्यात खाली घातला. मग शेजारच्या केळीवालीच्या दंडाला धरून तिला माझ्यासमोर ओढलं आणि म्हणाली, "हिचोय काड रे."