अकरावीचे विषय आणि बारावीनंतरची ॲडमिशन: या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की आपला कोकण विभाग राज्यात पहिला अशी बातमी येते, शाळेच्या गेटवर बॅनर लागतो आणि वाडीत पेढे फिरतात. पेढे वाटाच, पोरांनी मेहनत केलेली असते. पण त्यानंतर अकरावीचा फॉर्म ज्या घाईत भरला जातो ते बघून जीव तुटतो. मी ज्युनियर कॉलेजला मॅथ्स शिकवतो, दरवर्षी मुलं नवीन असतात आणि चुका त्याच, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टक्केवारी बघून विषय घेणं. दहावीची टक्केवारी बेस्ट ऑफ फाईव्हची असते, म्हणजे सहा विषयांतला सगळ्यात कमी मार्कांचा विषय बाजूला ठेवून बाकी पाचांचे टक्के काढतात. बहुतेक वेळा बाजूला पडलेला विषय मॅथ्सच असतो. मार्कशीटवर ८८ टक्के दिसतात आणि मॅथ्सला ५४ आहेत हे घरात कोणी बघतच नाही, मग अकरावीला पहिल्या चाचणीत मुलगा आठ मार्कांवर येतो आणि सगळे विचारतात अचानक झालं काय. अचानक काहीच झालेलं नसतं, ते मार्कशीटवर लिहिलेलं होतं. माझ्याकडे कोणी सल्ल्याला आलं की मी टक्के विचारत नाही, मार्कशीट समोर ठेवायला सांगतो आणि मॅथ्स, सायन्स, इंग्लिश हे तीन आकडे वेगळे लिहून काढतो.

आता ह्याचं दुसरं टोक, आणि ते जास्त वाईट. मॅथ्स कच्चं आहे म्हणून सोडून टाकायचं. ‘बायो घे, पाठ केलं की झालं’ असं कुणीतरी मोठा भाऊ सांगतो, फॉर्मवर टिक होते आणि पुढच्या दोन वर्षांत कोणी परत विचार करत नाही. मालवणच्या बाजूचा एक मुलगा होता, हुशार, बोलायला चुणचुणीत. मामा बोटीवर, त्यामुळे लहानपणापासून ठरलेलं की मर्चंट नेव्हीतच जायचं. वडील भेटले की अभिमानाने सांगायचे, "सर, माझो झील (मुलगा) बोटीर जातलो." अकरावीला तो दुसऱ्या कॉलेजला गेला आणि तिथे मॅथ्स सोडून बायो घेतलं, का तर मित्रांनी घेतलं. बारावी झाली, चांगले मार्क पडले, आणि मग आयएमयू सीईटीचा, म्हणजे बोटीवरच्या ऑफिसरच्या कोर्सेससाठीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला बसले तेव्हा पात्रतेची ओळ पहिल्यांदा वाचली. नॉटिकल सायन्स असो नाहीतर मरीन इंजिनिअरिंग, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स मिळून ६० टक्के लागतात, शिवाय इंग्लिशला दहावी किंवा बारावीत ५०. मॅथ्सच नाही म्हटल्यावर पुढे बोलायचं काय! बापलेक माझ्याकडे आले ते ऐन पावसात, वडील म्हणाले, "सर, तुमीच कायतरी करा." करण्यासारखं एकच होतं, नुसतं मॅथ्स आयसोलेटेड विषय म्हणून बाहेरून देणं. पोरगा वर्षभर घरी बसला, दोन वर्षांचं मॅथ्स एका वर्षात करायला गेला, पास झाला पण तिन्ही विषय धरून साठ टक्के बसले नाहीत. शेवटी जीपी रेटिंगला, म्हणजे बोटीवरच्या खलाशाच्या कोर्सला गेला. त्या कामात कमीपणा काही नाही, आपल्याकडची कितीतरी घरं त्यावर उभी राहिली. पण जीपी रेटिंगला दहावीवरच जाता येतं, आणि ह्या पोराच्या डोक्यात ऑफिसर व्हायचं होतं. तीन वर्षं गेली ती फॉर्मवरच्या एका टिकमुळे, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय अशी आहे की मुलाला आधी शेवटून सुरुवात करायला लावतो. वहीच्या मागच्या पानावर जिथे जावंसं वाटतं ते तीन कोर्स लिहायचे आणि प्रत्येकासमोर बारावीला कुठले विषय लागतात, किती टक्के लागतात आणि कुठली परीक्षा लागते हे गेल्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतःच्या हाताने उतरवायचं. मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून चालत नाही, स्क्रीनशॉट कोणी वाचत नाही. इंजिनिअरिंगला मॅथ्स हवंच, मेडिकलला बायो हवंच, बी. फार्मला दोन्हीपैकी कुठलाही ग्रुप चालतो, पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते. हे पान भरलं की विषय आपोआप ठरतात. आणि तरीही ठरत नसेल तर चारही ठेवा, मॅथ्सही आणि बायोही. अभ्यास वाढतो, मान्य, पण नंतर उघडता न येणारं दार आधीच लावून घ्यायची इतकी घाई कशाला. बोटीवर जायचं असेल तर अजून एक, डोळे दहावीतच तपासून घ्या, रंगांधळेपणा असेल तर डेकवर घेत नाहीत आणि ते मेडिकलच्या दिवशी कळण्यात काही अर्थ नाही.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष हा समज तर मला चीड आणतो. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्याच्या सीईटीत २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि ८० टक्के बारावीवर, हे ऐकून पोरं म्हणतात वीसच तर आहेत. अरे पण बारावीचं इंटिग्रेशन करायला बसलास की पहिल्या ओळीला ट्रिग्नॉमेट्रीचा फॉर्म्युला लागतो, तो अकरावीचा. लिमिट्स अकरावीच्या. ते येत नसेल तर उरलेले ८० पण हातात नाहीत. त्यात पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपची सीईटी २०० मार्कांची, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रश्न एकेका मार्काचे आणि मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे अर्धा पेपर एकटं मॅथ्स. शॉर्टकट ट्रिक्सचे व्हिडिओ बघून हे होत नाही. ज्याने उदाहरण पूर्ण सोडवलंय त्याला ट्रिक कळते, बाकीच्यांना ती फक्त पाठ होते आणि प्रश्न जरा फिरवला की संपलं. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून उरलेल्या प्रश्नांना अंदाजाने क्लिक करायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत, अभ्यासाला पर्याय म्हणून नाही.

कागदपत्रांबद्दल मी थोडं जास्तच बोलणार आहे कारण हुशार पोरं इथे मार खातात. जून-जुलैत तहसील कचेरीच्या सेतूवर जाऊन बघा, बाहेर पाऊस, आत सर्व्हर डाऊन, आणि रांगेत छत्र्या धरून उभे असलेले पालक, प्रत्येकाच्या हातात ओली प्लास्टिकची पिशवी. ह्यातलं एकही काम जूनमध्ये करायचं नसतं. जातीचा दाखला असला म्हणजे झालं असं समजू नका, व्हॅलिडिटी वेगळी, ती जात पडताळणी समितीकडून येते आणि तिला वेळ लागतो. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे बहुतेक घरात आजोबांच्या शाळेचा दाखला शोधावा लागतो, आणि ती शाळा असते गावात, आजोबा असतात मुंबईत काकाकडे. म्हणून मी पालकांना सांगतो की गणपतीला चाकरमानी गावात येतात तेव्हाच हे काम काढा, आरती झाली की काकाला विचारा घरात कुणाची व्हॅलिडिटी झाली आहे का. वडिलांकडच्या नात्यात एखादी झालेली असेल तर आपलं काम बरंच हलकं होतं. बारावीला गेल्या गेल्या कॉलेजमधून अर्ज टाका, सीईटीनंतर नाही. नॉन क्रिमी लेयरवर ३१ मार्चची तारीख असते, ती पुढच्या वर्षीची हवी, ह्या वर्षी संपलेला दाखला घेऊन फिरू नका.

आणि नाव. आपल्याकडे आधारवर एक आडनाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कुठे आडनावाऐवजी गावाच्या नावावरून लावलेलं ‘कर’. एक मुलगी नर्सिंगच्या ॲडमिशनला गेली होती, आईच्या नावात एका दाखल्यावर पाळण्यातलं नाव आणि एकावर सासरचं, त्या एका फरकासाठी तिला जिल्ह्याच्या ठिकाणाहून घरी आणि परत असं करावं लागलं, आणि शेवटची तारीख डोक्यावर. दहावीचा फॉर्म भरतानाच आधार, शाळेचं रजिस्टर आणि जातीचा दाखला तिन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर तो शाळेत असतानाच दुरुस्त होतो, दाखला हातात पडल्यावर खूप त्रास होतो.

बाकी थोडक्यात. कॉलेज निवडताना एसटीचं टाइमटेबल बघा, सकाळी सहाची गाडी पकडून संध्याकाळी सातला घरी येणारं पोर अभ्यास करणार कधी. नाव इथल्या कॉलेजात आणि मुलगा वर्षभर कोल्हापूरच्या क्लासमध्ये, हे करू नका, ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि सायन्सच्या प्रॅक्टिकलचे ३० मार्क कुणी घरी आणून देत नाही. दहावीनंतर डिप्लोमा करायचा असेल तर रत्नागिरी आणि मालवणचं शासकीय तंत्रनिकेतन बघा, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, आणि हा मार्ग कमी मार्कवाल्यांचा आहे असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पुण्या-मुंबईच्या यादीवर डोळे लावण्याआधी दापोलीचं कृषी विद्यापीठ, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ एकदा स्वतः जाऊन बघून या. शिरगावच्या शेजारच्या गावातल्या मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराला तिथे मासळीची डिग्री मिळते हे माहीत नसतं, हे मी पाहिलंय.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे ऑनलाईन ॲडमिशनला कॉलेजांची पसंतीक्रमाने द्यायची यादी, शेजारच्याचा बघून भरू नका. पहिल्या राऊंडला पहिलाच ऑप्शन लागला तर तो घ्यावाच लागतो, मग अकरावी असो की इंजिनिअरिंग. त्यामुळे जिथे खरंच जायचं नाही ते कॉलेज ‘बघू तरी लागतंय का’ म्हणून पहिल्या नंबरला टाकायचं नाही. यादी आदल्या रात्री कागदावर लिहा, घरात मोठ्याने वाचा, आई काय म्हणते ते ऐका, आणि सबमिट दुसऱ्या दिवशी सकाळी करा, लाईट आणि नेट दोन्ही असताना.