झुरळांच्या जेलला नवीन गिऱ्हाईक कुठे शोधायचं

झुरळ मारायच्या जेलची एजन्सी घेतलेले बरेच जण काही महिन्यांत एकाच जागी अडकतात. नातेवाईक झाले, ओळखीची घरं झाली, गल्लीतल्या किराणावाल्याकडे माल ठेवून झाला आणि मग विक्री थांबते. कारण घरातला माणूस एक ट्यूब घेतो, ओट्याखाली चार ठिपके लावतो, झुरळं गेली की ट्यूब ड्रॉवरमध्ये टाकतो आणि विसरतो. म्हणजे माल चांगला आहे म्हणूनच गिऱ्हाईक परत येत नाहीये. अजून घरं शोधत फिरण्यापेक्षा झुरळ कोणाच्या पोटापाण्याच्या आड येतं ते शोधा, तिथे मागणी दर महिन्याला असते.

सगळ्यात आधी खायचं बनवून विकणारे लोक. खाणावळ, पोळीभाजी केंद्र, घरून डबे देणाऱ्या ताई, पापड-फराळ करणारे बचत गट, चायनीजची गाडी. यांना एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन लागतं हे त्यांना माहीत असतं, पण त्या लायसन्सच्या 2011 च्या नियमांच्या शेड्यूल 4 मध्ये स्वच्छतेबरोबर कीड नियंत्रणही येतं हे बऱ्याच जणांनी वाचलेलं नसतं. तुम्ही जाऊन घाबरवू नका, नीट समजावून सांगा, आणि मालाबरोबर एक साधी वही द्या, कुठे लावलं, कधी लावलं, कोणी लावलं. उघड्या पिठाजवळ स्प्रे मारता येत नाही ही त्यांची खरी अडचण असते आणि जेल फटीत, बिजागरीच्या आत, गॅसच्या ओट्याखालच्या कोपऱ्यात लावता येतं, तेवढं दाखवलं तरी पुरे. फराळाच्या गटांकडे गणपती उठले की लगेच जा, दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

दुसरे रिपेअरवाले, आणि हे मला सगळ्यात मोलाचं मार्केट वाटतं. छोटं तपकिरी झुरळ उबेला जातं, फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, मायक्रोवेव्हमध्ये, सेट-टॉप बॉक्समध्ये, आणि बोर्ड खराब झाला की माणूस मेकॅनिकला बोलावतो. मेकॅनिक मागचं पॅनल उघडतो तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं असतं आणि झुरळंही दिसत असतात, यापेक्षा चांगली वेळ कुठली? त्याच्या बॅगेत छोटे सीलबंद पॅक ठेवायला द्या, मार्जिन किराणावाल्याइतकंच द्या. फक्त बोर्डवर किंवा वायरिंगवर जेल लावायचं नाही, आजूबाजूच्या भिंतीच्या फटीत लावायचं, हे त्याला बजावून सांगा. असंच किचन ट्रॉली बसवणाऱ्यांचं. नवीन ट्रॉली बसली की मागे अंधारी, उबदार जागा तयार होते, त्यामुळे काम संपताना त्यांनीच एक पॅक दिला तर त्यांचंही नाव राहतं.

आता सोसायटी. इथे लोक सेक्रेटरीला भेटतात, नोटीस बोर्डवर कागद लावतात आणि वाट बघत बसतात. त्याऐवजी डक्टची लाइन धरा. 101, 201, 301, 401 ही किचनं एकाच पाइपच्या डक्टवर असतात, एकाने मारलं तरी पुन्हा वरून-खालून येतात. ज्या घरात आधी ट्यूब गेलीय आणि झुरळं परत आलीत त्या काकूंना हे सांगा, त्या स्वतःच वरच्या-खालच्यांना तयार करतात आणि अख्ख्या लाइनची ऑर्डर एकदम येते, शिवाय फरकही खरा दिसतो.

हॉस्टेल आणि कॉट बेसिसच्या रूमवाल्यांकडे गेलात तर ते हमखास ढेकणांचं विचारतील. तिथे मोह आवरा. ढेकूण रक्तावर जगतो, तो जेल खातच नाही, त्यामुळे विकलंत तर आठवड्यात फोन येईल आणि झुरळांचं गिऱ्हाईकही जाईल. लेबलवर जी कीड लिहिलीय तेवढ्यासाठीच विकायचं.

पहिल्यांदा जाताना भाषण नको, मोजून दाखवा. रात्री ओट्याखाली झुरळांचा एक चिकट सापळा ठेवायला सांगा, सकाळी किती अडकली ते वहीत लिहा, मग जेल त्यांच्याच हाताने लावून घ्या, ज्वारीच्या दाण्याएवढे बरेच ठिपके, एक मोठा गोळा नाही, आणि त्यावर स्प्रे किंवा फिनेल अजिबात नाही, नाहीतर झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा सापळा ठेवा. दोन आकडे शेजारीशेजारी दिसले की दुकानदार घासाघीस कमी करतो.

सॅम्पल द्यायचं तर कंपनीचाच छोटा पॅक द्या, मोठ्या ट्यूबमधून काढून सुट्ट्या डबीत भरून देऊ नका. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे, लेबल, रजिस्ट्रेशन नंबर आणि माल किती विषारी ते सांगणारा रंगाचा त्रिकोण नसलेला माल विकणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं, आणि घरात लहान मूल असेल तर बिनलेबलची डबी खरंच धोक्याची. विक्रीसाठी काय परवाना लागतो ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात आधीच विचारून घ्या. आणि उद्या कोणी म्हणालं की तुम्हीच पैसे घेऊन लावून द्या, तर ते पेस्ट कंट्रोलचं काम झालं, त्याचा परवाना वेगळा.

फोन कधी करायचा हेही ठरवून ठेवा. घरातल्या या छोट्या तपकिरी झुरळाची मादी अंड्यांची पिशवी अंगालाच धरून फिरते आणि एका पिशवीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात, त्यामुळे पहिल्यांदा मोठी झुरळं मेली तरी तीन-चार आठवड्यांनी बारीक पिल्लं दिसू शकतात. गिऱ्हाईकाला वाटतं जेल फेल गेलं. हे विकतानाच सांगून ठेवा आणि त्या आठवड्यात तुम्हीच फोन करून विचारा, पिल्लं दिसतायत का, ठिपके सुकलेत का, नवीन लावायला ट्यूबमध्ये माल उरलाय का.