घराचं बांधकाम चालू असताना सुट्टीवर निघालात? या चुका टाळा

बांधकाम चालू असताना आठवडाभर बाहेर जाणं म्हणजे काही गुन्हा नाही. सहा-आठ महिने रोज साइटवर उभं राहून आणि घरी आल्यावर पुन्हा टाइल्सवरूनच वाद घालून डोकं आंबतं. तेव्हा जा, खुशाल जा. निघण्याआधी ठेकेदाराला एकच विचारा: मी नसताना काय काय झाकलं जाणार आहे?

सगळी मेख तिथे आहे. वीटकाम ओळंब्यात नसेल तर ते दिसतं, उतरवून पुन्हा करता येतं. स्लॅबमधली सळई, भिंतीत गेलेला पाइप, बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग यांचं तसं नाही. ते एकदा झाकलं की फोडल्याशिवाय कळत नाही. आपण मात्र सुट्टी ठरवतो ती ऑफिसची रजा आणि तिकिटं बघून. कामाचा टप्पा कुठे आलाय, हे तिकीट हातात पडल्यावर आठवतं. वीटकाम किंवा बाहेरचा गिलावा चालू असेल तर बिनधास्त निघा. स्लॅब भरायचा असेल, भिंतींना झिऱ्या मारून वायरिंग-प्लंबिंग चालू असेल, तर तारीख पुढे ढकला.

‘स्लॅब झाला, आता पंधरा दिवस मोकळे’

ही चूक सगळ्यात जास्त घडते, कारण वरवर ती बरोबर वाटते. स्लॅब भरला, सेंट्रिंग (खालचा फळ्या-टेकूंचा आधार) लागलेलं आहे, साइटवर शुकशुकाट, मग थांबायचं कशाला? पण काँक्रीट वाळून पक्कं होत नसतं. सिमेंट आणि पाणी यांची क्रिया जितके दिवस चालू राहते, तितकी त्याची ताकद वाढते. म्हणून साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, फ्लाय ॲशसारखी भर असलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या-उष्ण हवेत किमान 10 दिवस ते सतत ओलं ठेवावं लागतं. ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. सकाळी एकदा नळी फिरवली, दुपारी स्लॅब पांढरा पडला, संध्याकाळी पुन्हा नळी, याला क्युरिंग म्हणत नाहीत. आळी करून पाणी साठवलेलं हवं. कॉलमवर पाणी थांबत नाही, म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळून ते भिजवत ठेवावं लागतं, आणि नेमके तेच विसरले जातात.

पाणी मारायला एक माणूस नेमा आणि त्याच्याकडून रोज दुपारी एक वाजता स्लॅबचा फोटो मागवा. सकाळचा फोटो कामाचा नाही, सकाळी सगळंच ओलं दिसतं.

दुसरा धोका टेकूंचा. ठेकेदाराला ते दुसऱ्या साइटवर हवे असतात आणि मालक गावाला गेलाय म्हटल्यावर हात शिवशिवतात. 4.5 मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्याचे 14 दिवस ठेवतात. 6 मीटरपेक्षा मोठ्या बीमचे 21 दिवस. नेमका दिवस तुमच्या इंजिनिअरकडून लिहून घ्या आणि तो कागद साइटवर चिकटवा.

फोनवर ‘हो’ म्हणून मोकळं होणं

ही आमची स्वतःची चूक. आम्ही समुद्रावर होतो, वारा होता, मिस्त्रींचा फोन आला: ‘साहेब, दार डावीकडे घेऊ का?’ मी म्हटलं, ‘घ्या.’ ते खोलीच्या आत उभं राहून विचारत होते, माझ्या डोळ्यांसमोर खोली बाहेरून होती. आलो तेव्हा चौकट पक्की बसली होती आणि स्विचबोर्ड बरोबर दाराच्या मागे गेला होता. आजही त्या खोलीत शिरून आधी दार लोटावं लागतं, मग दिवा लागतो.

म्हणून तोंडी उत्तर द्यायचंच नाही. भिंतीवर खडूने खूण करा, टेप लावा, फोटो पाठवा, असं सांगायचं आणि उत्तरही लेखी द्यायचं. फोनची वेळ रोजची एकच ठेवा, नाहीतर सुट्टी साइटवरच जाते. जाण्याआधी जुन्या नकाशांच्या प्रती साइटवरून उचलून आणा. दोन नकाशे असले की गवंड्याच्या हाती जुनाच लागतो.

आणि निर्णयाचा अधिकार एकालाच द्या. मेहुणे एक सांगतात, काका दुसरं, आणि ठेकेदार त्यातलं स्वतःला सोपं तेच ऐकतो.

पैशांचं थोडक्यात: ‘तुम्ही नसणार, मजुरी अडायला नको’ म्हणून पुढच्या टप्प्याचा चेक देऊन जाऊ नका. झालेल्या कामाचेच द्या. तांब्याची वायर, नळ-फिटिंग आधीच आणून साइटवर टाकू नका. सिमेंटचंही तसंच. उरलेली पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब, झाकून ठेवा.

परत आल्यावर काही बिनसलेलं दिसलं तर

क्युरिंग मधेच बंद पडलेलं आढळलं तर त्याच दिवशी पुन्हा सुरू करा. गेलेले दिवस पूर्ण भरून निघत नाहीत, पण काही फायदा होतो. शंका जास्त असेल तर टेकू काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. कॉलम-बीमवर खडी उघडी पडलेली, मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर ‘गिलाव्यात झाकून जाईल’ हे ऐकून घेऊ नका. त्याआधी फोटो काढा आणि इंजिनिअरला दाखवा. कुठे किती खोल आहे यावर दुरुस्ती ठरते.

तुमच्या मागे पाइप भिंतीत गेले असतील तर टाइल्स लागण्याआधी लाइनमध्ये पंपाने दाब भरा आणि रात्रभर गेजवर लक्ष ठेवा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं असेल तर पाणी जाण्याचं तोंड बंद करून पाणी भरा, पातळीला पेन्सिलची रेघ मारा, 48 तास थांबा आणि खालच्या छताला हात लावून बघा. टाइल्सही लागून गेल्या असतील तर नाण्याने एकेक वाजवा. पोकळ आवाज आलेली लगेच खूण करून दाखवा, कारण ठेकेदाराचं शेवटचं बिल निघाल्यावर ती खूण बघायला कोणी येत नाही.

यासाठी हाताशी दोन दिवस तरी हवेत. परतीच्या दुसऱ्याच दिवशी टाइल्सवाल्याला बोलावून ठेवू नका.