काय करून राहिला? लिनक्सवरच्या चालू प्रोग्रामला हे विचारायचं कसं

"दादा, हा काहून अटकून राहिला?"

आमच्या अभ्यासिकेत दिवसातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. वरोरा तालुक्यातलं लहान गाव, कुणी कुणी दिलेले तीन जुने कॉम्प्युटर, प्रत्येकात ४ जीबी रॅम आणि वर लिनक्स. स्पर्धा परीक्षेची पोरं एका वेळी बारा-बारा टॅब उघडून बसतात. आधी मी सरळ बटण दाबून बंद-चालू करायचो. आता मशीनलाच विचारतो, बाबा, तू काय करून राहिला? हे विचारायची जागा म्हणजे लिनक्समधलं प्रॉक नावाचं फोल्डर.

सुरू करण्याआधी एक सांगतो. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, पण टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची. प्रॉक म्हणजे पी-आर-ओ-सी, आणि त्याच्या आधी तिरकी रेघ.

आत डोकावा

टर्मिनल उघडा. 'सीडी /प्रॉक' लिहून एंटर, मग 'एलएस'. आकड्यांच्या नावाची ढीगभर फोल्डरं दिसतील. एक आकडा म्हणजे एक चालू प्रोग्राम. हा त्याचा प्रोसेस क्रमांक, ज्याला पीआयडी म्हणतात. १ नंबरचा सगळ्यांचा मूळपुरुष, मशीन सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला उठवतो आणि पुढचं सगळं खटलं तो उभं करतो. प्रोग्राम बंद झाला की त्याचं फोल्डर त्याच क्षणी नाहीसं होतं, पुसावं लागत नाही.

आता 'एलएस -एल' करून फाइलींचा आकार बघा. बहुतेक सगळीकडे शून्य. पण 'कॅट अपटाइम' म्हणा ('कॅट' म्हणजे फाइल वाचून दाखव), दोन आकडे येतील. पहिला म्हणजे मशीन सुरू होऊन किती सेकंद झाले. शून्य आकाराच्या फाइलीत आकडे कुठून आले?

जिनिंगचा काटा आठवा. कापसाची गाडी वर चढली की वजन दिसतं, उतरली की शून्य. काट्याने ते वजन कुठे भरून ठेवलेलं नसतं. इथेही तसंच आहे. ही फाइल डिस्कवर नाहीच. तुम्ही वाचायला जाता तेव्हा कर्नल जागेवरच मजकूर तयार करून हातात देतो. दोन सेकंदांनी तीच फाइल वाचा, आकडा पुढे गेलेला असेल.

चालू प्रोग्राम फाइलीसारखा वाचायचा, ही कल्पना १९८४ साली बेल लॅब्जमधल्या टॉम किलियन यांनी मांडली. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत ती होती. लिनक्सने ती घेतली आणि प्रोसेसशी घेणंदेणं नसलेल्या कितीतरी गोष्टी त्याच फोल्डरात कोंबल्या. मला तो पसारा वाटतो. पण 'टॉप' आणि 'पीएस' ह्या आज्ञा तुम्हाला जे छान रकाने दाखवतात, ते सगळं ह्याच पसाऱ्यातून वेचलेलं असतं.

अटकलेल्याची चौकशी

आधी नंबर शोधा. 'पीग्रेप फायरफॉक्स' (पीग्रेप म्हणजे पी-जी-आर-ई-पी) म्हटलं की नंबर येतो. समजा ४१२७ आला. मग 'कॅट /प्रॉक/४१२७/स्टेटस'. भराभर पन्नासेक ओळी धावतील. घाबरू नका, त्यातल्या चारच बघायच्या.

'नेम' ही ओळ अर्धवट नाव सांगू शकते, कारण तिथे १५ अक्षरंच मावतात. फायरफॉक्सच्या टॅब सांभाळणाऱ्या प्रोसेसचं नाव 'आयसोलेटेड वेब को' असं कापलेलं दिसतं, ते ह्यामुळेच. पूर्ण आज्ञा हवी तर शेजारची 'सीएमडीलाइन' फाइल वाचा. तिच्यात शब्द एकमेकांना चिकटलेले दिसतील, कारण मधे जागा नसून न दिसणारं शून्य अक्षर असतं.

'व्हीएमआरएसएस' म्हणजे हा गडी आत्ता प्रत्यक्षात किती रॅम दाबून बसलाय. आकडा केबीमध्ये येतो: ८१२३४४ दिसलं तर साधारण ७९० एमबी. 'व्हीएमस्वॅप' म्हणजे रॅम पुरली नाही म्हणून ह्याचा किती माल डिस्कवर ढकलला. आमच्याकडे मशीन रडायला लागतं तेव्हा दहापैकी आठ वेळा हाच आकडा फुगलेला असतो, आणि उपाय एकच: टॅब बंद करा.

चौथी ओळ 'स्टेट', आणि तीच खरी मजेची. तिथे एक अक्षर असतं. 'आर' असेल तर काम चालू आहे किंवा प्रोसेसरची पाळी यायची वाट बघतोय. 'एस' म्हणजे झोपलाय, कुणी हाक मारली की उठेल. बहुतेक सगळे असेच असतात आणि त्यात काही वावगं नाही. 'झेड' म्हणजे मेलेला. ह्याचं काम संपलंय, पण ज्याने त्याला जन्म दिला त्या प्रोग्रामने अजून त्याची नोंद घेतली नाही, म्हणून नाव तेवढं यादीत राहिलंय. त्याला मारायला जाऊ नका, मेलेल्याला काय मारणार? 'पीपीआयडी' ह्या ओळीत त्याच्या बापाचा नंबर असतो, तिकडे बघा.

'डी' मात्र वाईट. प्रोग्राम डिस्ककडून किंवा पेनड्राइव्हकडून काहीतरी यायची वाट बघतोय आणि ते येईपर्यंत कुणाचंच ऐकणार नाही, जबरदस्तीने मारणाऱ्या 'किल -९' चंही नाही. क्षणभर 'डी' दिसलं तर चालतं. पाच मिनिटं तेच दिसत असेल तर प्रोग्रामला शिव्या देऊ नका, वायर आणि पेनड्राइव्ह बघा. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, आमचा एक पेनड्राइव्ह हात लावला तर चटका बसेल इतका तापला होता. फाइल कॉपी करणारा प्रोग्राम तासभर 'डी'मध्ये. पेनड्राइव्ह काढला तेव्हा कुठे सुटला.

पेनड्राइव्हवरून आठवलं. काढायला गेलात आणि 'बिझी आहे' असा निरोप आला, तर प्रत्येक नंबरच्या फोल्डरात 'सीडब्ल्यूडी' नावाची एक लिंक असते. तो प्रोग्राम सध्या कोणत्या फोल्डरात बसलाय ते ती दाखवते. बहुतेकदा दोषी आपणच, दुसऱ्या खिडकीत टर्मिनल त्याच पेनड्राइव्हमध्ये उघडं ठेवलेलं असतं.

पुसलेली फाइल परत आणणं

ह्या एका कामासाठी तरी प्रॉक शिकाच.

दिवाळीनंतर गावात दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, झाली. शेजारच्या काकांच्या नातीने मोबाइलवर ती पूर्ण टिपली, आमच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि मोबाइलमधून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी चार-पाच पोरं ती बघत असताना एकाने जागा मोकळी करायची म्हणून शिफ्ट दाबून ती फाइल उडवली. कचरापेटीतही नाही. पोरगी रडकुंडीला आली. पण पडद्यावर दंडार चालूच होती!

चालूच होती, कारण लिनक्समध्ये फाइल पुसली की जातं ते फक्त नाव. एखाद्या प्रोग्रामने ती उघडून ठेवली असेल तर आतला माल तो सोडेपर्यंत डिस्कवर तसाच राहतो. म्हणून पहिली पायरी: प्लेअर बंद करू नका. पॉज करून ठेवा, चालेल. आमचा इन्व्हर्टर पाऊण तास टिकतो आणि लाइट जायची वेळ झाली होती, तेव्हा हात जरा भरभर चालवले.

'पीग्रेप व्हीएलसी' ने नंबर मिळाला. मग 'एलएस -एल /प्रॉक/नंबर/एफडी'. एफडी ह्या फोल्डरात प्रोग्रामने उघडलेल्या प्रत्येक फाइलीचा एक आकडा असतो आणि बाणापुढे तिचं नाव. एका ओळीत दंडारीच्या फाइलीचं नाव दिसलं आणि त्याच्या शेवटी कंसात 'डिलिटेड'. तो आकडा होता २१. आता 'सीपी /प्रॉक/नंबर/एफडी/२१' आणि जागा सोडून नव्या फाइलीचं नाव. कॉपीच करायची, हलवायची नाही. कॉपी पूर्ण झाल्यावर ती उघडून पाहिली आणि मगच जुना प्लेअर बंद केला.

ह्याची उलट बाजूही आहे. मोठी फाइल पुसूनही डिस्कची जागा मोकळी होत नसेल, तर कुणीतरी ती अशीच धरून बसलेलं असतं. त्या प्रोग्रामला बंद केलं की जागा सुटते.

बाकीचं थोडक्यात

प्रॉकमधल्या 'मेमइन्फो' फाइलीत 'मेमफ्री' बघून दचकू नका, लिनक्स रिकामी रॅम डिस्कवरचा मजकूर हाताशी ठेवायला वापरतं. 'मेमअ‍ॅव्हेलेबल' ही ओळ खरी. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून ती आहे. 'लोडअ‍ॅव्हजी' मधले पहिले तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांतल्या सरासरी गर्दीचे. चार कोअरच्या मशीनवर ४ म्हणजे सगळे हात कामात. ९ म्हणजे रांग लागली. 'डी'मधले अडकलेले प्रोग्रामही ह्यात धरतात, म्हणून एक सडका पेनड्राइव्ह हा आकडा चढवू शकतो.

वाचण्याने काही बिघडत नाही. दुसऱ्याच्या प्रोग्रामचं 'एफडी' बघू दिलं नाही तर ते बरोबरच आहे, तिथे मालक किंवा रूटलाच, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकाऱ्यालाच, प्रवेश. पण रूट होऊन 'सिस' फोल्डरातल्या फाइलींत लिहाल तर कर्नलची वागणूक तिथल्या तिथे बदलते, आणि 'सिसआरक्यू-ट्रिगर' मध्ये नुसतं 'बी' लिहिलं तर मशीन काही सेव्ह न करता रीस्टार्ट होतं. पोरांना मी रूटचा पासवर्ड दिलेला नाही.

घरी कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप टाकून बघा, खाली लिनक्सच आहे. अँड्रॉइड ७ पासून तिथे दुसऱ्या अ‍ॅपच्या प्रोसेस दिसत नाहीत, फक्त टर्मक्सच्या स्वतःच्या दिसतात. सरावाला तेवढ्या पुरतात. 'कॅट /प्रॉक/सेल्फ/स्टेटस' म्हणा. 'सेल्फ' म्हणजे जो विचारतोय तोच. नाव येईल 'कॅट', आणि स्टेटपुढे 'आर'.